होळीनंतर नागपुरात पक्षी संपत नाहीत

प्रश्न असा आहे: "दोन वर्षांपासून नागपूरच्या आसपास पक्षी बघतो. थंडीत अंबाझरी, गोरेवाडा, पारडगाव सगळं पालथं घालतो. पण होळी झाली की सोबतची मंडळी दुर्बिणी कपाटात ठेवतात, सीझन संपला म्हणतात. खरंच संपतो का? परतीच्या स्थलांतरात इथे काही दुर्मीळ सापडतं का, कुठे आणि कधी? आणखी एक. २ एप्रिलला सेमिनरी हिल्सवर काढलेला नारिंगी गळ्याच्या माशीमाराचा फोटो सोबत जोडला आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर 'रेड-ब्रेस्टेड' म्हणून टाकला तर तपासणाऱ्याने शंका काढली. तो चुकतोय की मी?"

फोटोचं शेवटी बोलू. आधीचं सगळं वाचल्यावर त्याचं उत्तर बहुतेक तुम्हालाच सापडेल.

सीझन संपत नाही, जागा बदलतो. थंडीत सगळ्यांची नजर पाण्यावर असते. मार्चमध्ये ती पाण्याच्या कडेला, चिखलावर न्यायची. एप्रिलमध्ये झाडांवर. मेच्या शेवटी, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू व्हायच्या सुमारास, झाडाखालच्या पाचोळ्यात. आपल्याकडे वसंत म्हणून जो काही असतो तो पंधरा-वीस दिवसांचा. पळस फुलून गळेपर्यंत कूलरला नवीन ताट्या लागलेल्या असतात. पण पाखरांचं वेळापत्रक आपल्या कूलरवर चालत नाही.

क्रमाने सांगते. सगळ्यात आधी पट्टकादंब जातात. उमरेडच्या बाजूच्या पारडगाव, सायकी, मकरधोकडा या तलावांवर हे हंस थंडीत तुम्ही पाहिले असतील, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या वागण्यात फरक पडतो. एरवी दुपारभर काठावर मान खुपसून बसणारा थवा संध्याकाळी अस्वस्थ होतो, बोलाचाली वाढते, दहा-बारा जण उगाच उठून तलावाला एक चक्कर मारतात आणि परत बसतात. असं दोन-चार संध्याकाळी चाललं की एके दिवशी सकाळी जावं तर काठ रिकामा. हेच हंस पुढे हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जातात. सॅटेलाइट टॅग लावलेल्या एका हंसाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली आहे. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले हंस महाराष्ट्रात अनेकदा दिसले आहेत, म्हणून फेब्रुवारीत प्रत्येक मान तपासायची. पट्ट्यावर अक्षर आणि आकडे असतात. फोटो धूसर आला तरी चालेल, पण तो कोड तिथल्या तिथे वहीत उतरवा. घरी येऊन आठवलेला कोड हमखास चुकतो, हे अनुभवाने सांगते.

बदकं हंसांच्या मागोमाग निघतात. तलवार बदक, थापट्या, गडवाल, लालसरी मार्चभर कमी कमी होत जातात. भुवई बदक मात्र चिवट. पावसाळा संपता संपता सगळ्यांच्या आधी येतं आणि एप्रिल उजाडला तरी दोन-चार रेंगाळतात. बदकांच्या बाबतीत वसंताचा एक मोठा फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. ऑक्टोबरात नर-मादी सगळेच मातकट असतात, काय वेगळं आहे ते कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर पूर्ण पोशाखात असतात. थव्यात एखादा परका नर असेल तर तो याच दिवसांत डोळ्यात भरतो. तेव्हा जाणाऱ्या बदकांचा थवाही एकेक डोकं मोजून बघायचा. "हे तर सगळे थापटेच" म्हणून दुर्बीण खाली ठेवली की संपलं.

आता चिखल. माझ्या मते नागपूरच्या वसंतातलं खरं घबाड इथे आहे आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित. सिंचनाला पाणी सोडलं, उन्हाने आटलं, की खिंडसी, वडगाव, झिलपी, सायकी अशा जलाशयांचं पाणी मार्चपासून मागे सरकायला लागतं. मागे उरते ती गाळपेर जमीन. काही ठिकाणी लोक तिथे डांगरवाड्या लावतात. जिथे लावत नाहीत तिथे पाऊल रुतेल असा ओला पट्टा दर आठवड्याला नवीन उघडा पडत जातो आणि त्यात किडे-अळ्यांची मेजवानी असते. किनारपट्टीवर थंडी काढलेले काही चिखलपक्षी उत्तरेकडे परतताना देशाच्या मधूनच जातात. त्यांना मधे कुठेतरी टेकावं लागतं. ते टेकतात ते अशा पट्ट्यांवर, कधी एक दिवस, कधी अर्धाच.

आणि ते ओळखू येत नाहीत, कारण त्यांनी कपडे बदललेले असतात. थंडीत पिवळसर-तपकिरी दिसणारा सोनचिखल्या एप्रिलमध्ये चेहऱ्यापासून पोटापर्यंत काळा होतो, कडेने पांढरी किनार. कर्ल्यू सँडपायपर विटकरी होतो. छोट्या टिलव्याच्या पाठीवर तांबूस रंग चढतो. पिवळ्या धोब्यांचे नर तर एकाच जातीचे असून डोक्यावरून चार प्रकारचे दिसतात. कोणाचं डोकं गडद राखाडी, कोणाचं फिकट निळसर आणि वर पांढरी भुवई, कोणाचं पार काळं. थंडीत हे सगळे "कुठला तरी धोबी" असतात. उपजाती ओळखायची हौस असेल तर एप्रिलचे पहिले दोन आठवडे त्यासाठीच ठेवा.

माझी स्वतःची फजिती सांगते. पाखरं बघायला लागून चार-पाच वर्षं झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचा काळ. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका धरणावर पाण्यावरून तरंगत जाणारा सुरय दिसला. पोट काळपट, टोपी काळी. मी जोरात ओरडले, "पांढऱ्या पंखांचा सुरय!" सोबत दोघे होते, त्यांनी लगेच फोन फिरवले. संध्याकाळपर्यंत आठ-दहा लोक गाड्या काढून आले. त्यातल्या एका ज्येष्ठ पक्षीमित्राने दोन मिनिटं दुर्बिणीतून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, गाल कोणत्या रंगाचा आहे?" गाल पांढरा होता. स्वच्छ पांढरा, काळी टोपी आणि काळपट पोट यांच्या मधे मारलेल्या फटकाऱ्यासारखा. पंखाची खालची बाजूही फिकट होती, जी मी सांगितलेल्या पक्ष्याची काळी हवी. तो आपला नेहमीचा कल्लेवाला सुरय, विणीच्या पोशाखात. थंडीभर तो मला पांढऱ्या कपड्यांत दिसला होता. तो असेही कपडे घालतो हे पुस्तकात होतं, माझ्या डोळ्यांत नव्हतं. परत जाताना कोणी काही बोललं नाही. तर्री-पोह्यांचं बिल मी भरलं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. दुर्मीळ वाटलं की आधी स्वतःला विचारायचं, हा इथला रोजचा कोणता पक्षी असू शकतो? विणीच्या पोशाखातला, पिल्लू वयातला, पिसं झडत असलेला, चिखलाने डोकं रंगलेला, अंगात पांढरी पिसं आलेला. हे पाच पर्याय खोडल्यावरही जो उरतो त्याच्यासाठी धावपळ करायची. बहुतेक वेळा काही उरत नाही. म्हणून तर तो दुर्मीळ.

कुठे जायचं, याचं माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. दर रविवारी नवीन तलाव करू नका. एक पाणी धरा, घरापासून अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच वाटेने जा. साधारण बारा फेऱ्या होतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तुम्हाला तिथली हळदीकुंकू बदकं किती, शेकाटे कुठल्या कोपऱ्यात, टिटवीची जोडी कुठे अंगावर येते हे पाठ होतं. मग पाचव्या फेरीला काठावर एक आकृती "जरा वेगळी" बसलेली दिसते. मला मिळालेल्या चांगल्या नोंदींपैकी बहुतेक अशाच आल्या आहेत. कोणाचा फोन आला म्हणून साठ किलोमीटर गाडी हाणत गेले त्यातल्या अर्ध्याअधिक वेळा पक्षी उडून गेला होता.

त्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांशी ओळख करून घ्या. रोज पहाटे डोंगा घेऊन आत जाणाऱ्या माणसाला "आज पाण्यात नवीन काही हाय का" एवढं विचारलं तरी पुरतं. त्यांना आपली नावं ठाऊक नसतील, पण "परवापासून एक लांब चोचीचा आला, एकटाच फिरते" हे वाक्य कुठल्याही अॅपपेक्षा मोलाचं असतं.

वेळेचं. मार्चच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो, मेच्या मध्यात साडेपाचच्या सुमारास. उजाडायच्या आत काठावर असायला हवं. एप्रिलमध्ये नऊ वाजले की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मग कितीही महागडा स्पॉटिंग स्कोप लावा, लांबचा पक्षी पातेल्यातल्या उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. त्या वेळी केलेली ओळख मी स्वतःचीही धरत नाही. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं म्हणजे ऊन पाठीवर आणि पक्षी उजेडात. अंबाझरीच्या पाळीवरून सकाळी छान दिसतं ते यामुळेच. ८×४२ ची साधी दुर्बीण पुरे. डोक्याला दुपट्टा, दोन लिटर पाणी, आणि दहाच्या आत घरी. उष्माघात झालेल्या पक्षीनिरीक्षकाला कुठलीच यादी उपयोगाची नाही.

एका दिवसाचा अपवाद. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस, गारपीट होतेच. शेतकऱ्याचं नुकसान होतं, त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. पण वर उडत चाललेल्या पाखरांनाही वादळ खाली उतरवतं. रात्री मेघगर्जना झाली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, पण आपल्या पाण्यावर एक फेरी मारून यायची. दुपारपर्यंत आभाळ मोकळं झालं की ते पुढे निघतात.

आता झाडं. पळस फुलला की पळसमैना त्याच्यावर तुटून पडतात. यांनाच भोरड्या म्हणतात. वर्षातले आठ-नऊ महिने त्या भारतात असतात, मध्य आशियात जातात त्या फक्त विणीपुरत्या. पाहुणे कोणाला म्हणायचं हा प्रश्नच आहे! मार्चमध्ये त्यांचा गुलाबी रंग मळकट असतो, एप्रिलमध्ये उजळतो, मेच्या सुरुवातीला बहुतेक गेलेल्या असतात. त्यांचा थवा काटेसावरीवर किंवा पळसावर उतरला की पाच मिनिटं थांबा आणि सगळ्या मैना बघून घ्या. त्या गोंधळात दुसरं कोणी लपलेलं असतं.

झाडांवर खरी मजा कानाला आहे. वटवटे थंडीभर नुसते "चक, चक" करत झुडपात फिरतात. परतीच्या आधी, मार्चच्या अखेरीपासून, ते गायला लागतात. ब्लाइथचा वटवट्या अंबाझरीच्या किंवा गोरेवाड्याच्या करवंदी-घाणेरीच्या जाळीत बसून हलक्या आवाजात दुसऱ्या पाखरांच्या नकला करतो, एक तुकडा दोन-तीनदा म्हणून पुढच्याकडे वळतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या जाळीत तीन-चार जातींचे पक्षी आहेत असं समजून अर्धा तास शोधत बसले होते. मर्लिन अॅप आवाज ओळखतं, तुम्ही वापरत असालच. त्याचं नाव सुचवणं ही टीप समजा, पुरावा नव्हे. आवाज ऐकला की फोनवर रेकॉर्ड करा. ती फाईल हा पुरावा.

लहान पाखरं स्थलांतराचा प्रवास बहुतेक रात्री करतात. म्हणून पहाटेच्या पहिल्या तासात, थकून उतरलेली, भुकेली असताना ती सहज दिसतात. त्यातलं आपल्या शहराचं लाडकं म्हणजे नवरंग. तो आपल्याकडे उलटा येतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत थंडी काढून मे-जूनमध्ये विणीसाठी मध्य भारतात येतो. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात त्याची दोन सुरांची शीळ पावसाळ्याच्या तोंडाशी घुमायला लागते. पण रात्रीच्या प्रवासात शहरावरून जाताना हा पक्षी काचेच्या इमारतींना धडकतो, आणि मग कोणाच्या तरी पार्किंगमध्ये, गॅलरीत हा सातरंगी गोळा बसलेला सापडतो. असा सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली सुती कापड घालून, अंधारात आणि गारव्यात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कौतुकाने हाताळत फोटो काढत बसू नका. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे पोचवा किंवा १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. नुसता बधिर झालेला असेल तर तास-दोन तासांत तरतरीत होतो.

त्याच नवरंगाला जंगलात मोबाइलवर शीळ वाजवून बोलावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो हद्द राखायला येतो, तुम्हाला पोझ द्यायला नाही. पट्टकादंबांचं तेच. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवायचा. पुढच्या हजारो किलोमीटरसाठी अंगात साठवलेली चरबी एका लाइकसाठी जाळायला लावायची. अशा माणसांबरोबर मी दुसऱ्यांदा जात नाही.

आता तुमचा फोटो.

तपासणाऱ्याने शंका काढली यात अपमान मानू नका. त्याचं कामच ते आहे, आणि या वेळी त्याचा मुद्दाही बरोबर आहे. लाल छातीचा (रेड-ब्रेस्टेड) आणि तैगा हे दोन माशीमार अगदी सख्ख्या भावांसारखे. ढोबळमानाने पहिला देशाच्या पश्चिमेला जास्त, दुसरा मध्य आणि पूर्वेला. आपण मधे, म्हणून दोन्हींची शक्यता धरावी लागते. नर असेल तर नारिंगी रंग कुठवर आहे ते पाहायचं. तैगामध्ये तो गळ्यापुरता असतो आणि खालून राखाडी रंग त्याला अडवतो. लाल छातीच्या नरात तो छातीवर उतरतो. तारीखही कामाची आहे. तैगाचा नर थंडीत हा रंग गमावतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत मिळवतो, लाल छातीचा प्रौढ नर तो वर्षभर बाळगतो. म्हणजे डिसेंबरात भडक नारिंगी छाती दिसली तर ओळख सोपी. २ एप्रिलला मात्र दोघेही रंगलेले, आणि अर्धवट रंगलेला तैगा किंवा कमी वयाचा लाल छातीचा नर असला तर आणखी घोळ. अशा वेळी चोच बघायची. तैगाची जवळजवळ पूर्ण काळी, लाल छातीच्याची खालची चोच मुळाशी फिकट. आणि शेपटीच्या मुळावरची वरची पिसं. तैगात ती शेपटीपेक्षाही काळी कुळकुळीत, लाल छातीच्यात तेवढी नाहीत.

तुमच्या फोटोत नारिंगी रंग गळ्यावर थांबलाय असं वाटतं, पण मान खाली घातलेली असल्याने छाती नीट दिसत नाही. चोच समोरून आली आहे, खालची बाजू सावलीत. शेपटीचं मूळ पंखांनी झाकलंय. माझा कौल तैगाकडे झुकतो, पण कौलावर नोंद होत नाही. ई-बर्डवर "तैगा / रेड-ब्रेस्टेड" असा जोडपर्याय आहे, नोंद तशी बदलून टाका आणि तपासणाऱ्याला दोन ओळींत कळवा. मग उद्या-परवा त्याच झाडाशी परत जा. हे माशीमार एका जागेला धरून राहतात, एप्रिलच्या मध्यापर्यंत सापडतील. पाठमोरा फोटो घ्या, शेपटी झटकन वर करतो त्या क्षणाचा. आणि त्याची कर्रर्र अशी खुळखुळ्यासारखी हाक ऐकू आली तर कॅमेरा सोडून आधी फोनचं रेकॉर्डिंग चालू करा. तैगाची हाक जास्त जलद असते, ऐकून दोघांतला फरक करता येतो. फोटो-आवाज मिळाले की पाठवा.